भाडेपट्ट्याची मोटार: सोडावी की चालवावी?

अमेरिकेत भाडेपट्ट्याने घेतलेली मोटार मुदतीपूर्वी परत करू पाहणाऱ्यावर जबर आकार बसतो. ही केवळ सावकारी नव्हे. हप्ते समान असतात; मोटारीची किंमत मात्र पहिल्या वर्षीच सर्वाधिक घसरते, आणि ती तूट कुणीतरी भरायची असते. हा आकार कसा ठरेल हे करारातच लिहून देण्याचे बंधन १९७६ च्या कायद्याने घातले; पण सही करताना ते कलम वाचतो कोण? २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिपच्या टंचाईने जुन्या मोटारींचे भाव कडाडले, तेव्हा करारातील किमतीला मोटार विकत घेऊन विकणाऱ्यांना उलट नफाच झाला. तो अपवाद होता. एरवी प्रारंभीच्या काळात मोटार नकोशी झाली तरी ती चालवीत राहणेच बहुधा स्वस्त पडते. अखेरचे चार-सहा हप्ते उरले असता मात्र हिशेब नव्याने मांडावा. तोवर बाजारभाव आणि कंपनीचे येणे यांतील अंतर बरेच बुजलेले असते.