कराची किती लांब?

भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना नकाशावर दोरा धरून अंतर मोजायला लावतो. एक टोक मुंबईवर, दुसरे दिल्लीवर. सुमारे 1150 किलोमीटर भरते. तेच टोक दिल्लीवरून कराचीवर नेले की दोरा उरतो, कारण सरळ रेषेत मुंबई-कराची 900 किलोमीटरसुद्धा नाही. मुले पुन्हा मोजतात.

विमानाला हे अंतर दीड तासाचे. कराचीचे घड्याळ आपल्यामागे अर्धा तास, म्हणजे मुंबईहून 10 वाजता उडालेले विमान तिथल्या 11 वाजता उतरावे. आम्हा मालवणकरांची एस.टी.ने मुंबई गाठण्यातच रात्र जाते!

एके काळी मालवण आणि कराची एकाच मुंबई इलाख्यात होते. सिंध वेगळा प्रांत झाला तो 1936 मध्ये. त्याआधी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. टाटांची विमानसेवा याच वाटेवर सुरू झाली. आपल्या कोकणातले लोक बोटीने पोटापाण्यासाठी कराचीला जात. फाळणी झाली आणि त्यांतले कितीतरी तिथलेच होऊन राहिले.

आज ही वाट बंद आहे. कराचीतील भारतीय वकिलात 1994 मध्ये बंद झाली. मुंबई-कराची थेट विमान 2017 मध्ये थांबले, राजस्थानातून जाणारी थार एक्स्प्रेस 2019 मध्ये. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले आणि अटारीची वाटही मिटली. दुबईवरून जायचे म्हटले तर 3000 किलोमीटरांहून जास्त फेरा, आणि तोही व्हिसा मिळाला तर.

आमच्या ओळखीच्या एका खालाजानची सख्खी बहीण तिकडे वारली. खबर फोनवर सकाळी आली, दफन असरनंतर होते. विमान असते तर मातीला पोहोचता आले असते. खालाजाननी दुपारी फोनवर मय्यतीचे तोंड पाहिले आणि वजू करायला उठल्या.

देशाच्या सुरक्षेपुढे कुणाचे काही चालू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या बहीणभावांना, कसून चौकशी करून का होईना, आजारपणात आणि मय्यतीला जाऊ द्यावे असे आम्हाला वाटते. तेवढ्याने कुठली सीमा ढिली होणार आहे?

तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तिकडच्या नातलगांची पूर्ण नावे, नाते आणि पत्ते वहीत उतरवून घ्या. वाट उघडली तर व्हिसाच्या अर्जात हेच विचारतील. जुनी पत्रे बहुधा उर्दूत असतात, ती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळली तर आमच्याकडे पाठवा.