शेततळ्यातले पाणी आणि माशांचा वाटा

बेंगळुरूच्या जयनगरातून दक्षिणेकडे निघालेला कनकपुरा रस्ता हारोहळ्ळी, कनकपुरा असे करत थेट अर्कावती आणि कावेरीच्या संगमाकडे जातो. दोन्ही अंगांना नाचणी, तुती, नारळ, आंबा. यातल्या बऱ्याच जमिनींचे मालक आता जयनगर, बनशंकरी, जे. पी. नगरात राहतात. कर्नाटकात २०२० पर्यंत बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नव्हती. त्या वर्षी जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमे रद्द झाली आणि आठवडाभर कचेरीत, शनिवार-रविवार शेतावर, असा एक नवा शेतकरी तयार झाला. त्यात आपली मराठी कुटुंबेही आहेत. काहींची तासगाव-जतकडे, काहींची अथणीकडे वडिलोपार्जित जमीन आहेच. भाऊबंद ती कसतात. इथे आणि तिथे, दोन्हीकडे एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे शेततळे. आणि तळे भरलेले दिसले की दोन्हीकडे प्रश्नही एकच निघतो: यात मासे का सोडू नयेत?

प्रश्न रास्त आहे. कर्नाटकाने २०१४ साली कृषी भाग्य योजनेतून कोरडवाहू तालुक्यांत ‘कृषी होंडा’ म्हणजे शेततळी खणायला सुरुवात केली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आणले. २०२० पासून केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत मत्स्यपालनाला अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. खड्डा आहे, पाणी आहे, अनुदान आहे. सरकारी पत्रकात हे सगळे एका ओळीत बसते. पण खड्डा ज्या कामासाठी खणला ते काम आणि माशांची गरज यांचे वेळापत्रक जुळते का, हे त्या ओळीत येत नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिथेच आहे.

आधी माशांच्या बाजूचे मुद्दे, कारण ते खरोखर वजनदार आहेत. कटला, रोहू आणि मृगळ या तिघांचे एकत्र पालन ही आपल्याकडची पक्की, तपासलेली पद्धत आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून एकाच तळ्यात तिघे एकमेकांच्या तोंडचा घास न काढता वाढतात. या माशांचे बी एके काळी नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांना हुकमी अंडी घालायला लावले आणि तेव्हापासून बीज शेतकऱ्याच्या आवाक्यात आले. कोंडा आणि भुईमुगाची पेंड एवढ्या साध्या खाद्यावर हे मासे वाढतात. पाणी ते पिऊन संपवत नाहीत. उलट त्यांच्या विष्ठेने पाण्यात नत्र वाढते आणि ते पिकालाच मिळते. घरातल्या पोरांच्या ताटात आठवड्यातून एकदा मासा पडला तर ती गोष्ट लहान नाही. आणखी एक फायदा कुणी हिशेबात धरत नाही. मासे असले की माणूस रोज तळ्यावर जातो, त्यामुळे फाटलेले प्लास्टिक, खचलेला बांध, तुटलेले कुंपण वेळेत दिसते. शेततळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या दोन्ही राज्यांत दर उन्हाळ्यात येतात. तळ्यावर रोज नजर असणे हे मोलाचे आहे.

आता पाण्याचा हिशेब. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असे तळे घ्या. काठोकाठ भरले तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. कार्प माशांना निदान दीड मीटर पाणी हवे. त्याखाली ते तापते, प्राणवायू घटतो, पाणकावळ्यांना आयती मेजवानी मिळते. या तळ्यात खालच्या दीड मीटरमध्ये जवळजवळ १० लाख लिटर पाणी राहते. म्हणजे मासे आहेत तोवर तळ्यातले ४५ टक्के पाणी उपसता येणार नाही. एकरभर ठिबकवरच्या बागेला उन्हाळ्यात दिवसाला २० हजार लिटर धरले, तर हे पन्नास दिवसांचे पाणी झाले. द्राक्ष किंवा डाळिंबवाल्याला मार्च-एप्रिलमधल्या पन्नास दिवसांची किंमत सांगायला नको.

शिवाय पाणी अडवून ठेवले की ते उन्हाच्या हवाली होते. दख्खनच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला सात-आठ मिलिमीटर उतरते. अर्धे रिकामे झालेले वरचे तळेसुद्धा मग रोज पाच हजार लिटरच्या वर पाणी हवेत सोडते. पावसाचे, वाहून जाणारे पाणी अडवले असेल तर हे सोसता येईल. पण महाराष्ट्रातली कित्येक शेततळी बोअरवेलच्या पाण्याने भरली जातात. ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त याच वापरावर बोट ठेवले होते: सर्वांच्या मालकीचे भूजल उपसून एकाच्या प्लास्टिकच्या तळ्यात साठवायचे आणि उन्हात वाळवायचे. कनकपुरा रस्त्यावरच्या शेतांतही बोअर चालवून तळे भरलेले मी पाहिले आहे. अशा पाण्यात माशांसाठी १० लाख लिटर राखून ठेवणे मला कोणत्याही हिशेबाने योग्य वाटत नाही. शेजाऱ्याची विहीर कोरडी पडत असताना तर नाहीच नाही.

पैशाचेही पाहू. या तळ्याचे क्षेत्र नऊ गुंठे. हेक्टरी साडेपाच हजारांच्या बेताने साधारण ५०० बोटुकली (बोटभर पिल्ले) सोडली, ४०० जगली, सात-आठ महिन्यांत सरासरी साडेचारशे ग्रॅमची झाली, तर १८० किलो मासा हाती येतो. बांधावर किलोला १२० रुपये धरा: २१,६००. खाद्य सव्वातीनशे किलो, ३५ रुपयांनी: ११,०००च्या पुढे. बीज, चुना, शेण, जाळेवाल्याची मजुरी वजा केली तर सात-आठ हजार उरतील. भाव ज्याने त्याने आपल्या गावचे घालावेत, पण आकड्याची जात बदलणार नाही. घरची माणसे रोज शेतावर असतील तर हे सात-आठ हजार चांगलेच आहेत. खाद्य टाकायला पगारी माणूस ठेवला तर ते पहिल्याच दोन महिन्यांत संपतात. आणि हा हिशेब तीस बाय तीसच्या तळ्याचा झाला. बारा बाय बाराच्या कृषी होंडात जेमतेम अडीच लाख लिटर पाणी मावते. तिथे व्यवसाय म्हणून मासे सोडण्याचा विचारच करू नये.

विक्रीचा पेच वेगळा. बेंगळुरूत रोहू-कटल्याला गिऱ्हाईक भरपूर आहे, पण तो माल आंध्रातल्या कृष्णा-गोदावरीच्या पट्ट्यातून बर्फात भरून ट्रकने येतो, आणि त्या भावाशी नऊ गुंठ्यांचे तळे झुंजू शकत नाही. आपल्या मालवणी, गोवेकर मंडळींना तर बांगडा-सुरमईच हवी. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास येतो, ही त्यांची तक्रार जुनी आहे. ती खोटीही नाही. साठलेल्या पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून जिओस्मिन नावाचा पदार्थ माशाच्या मांसात मुरतो. विक्रीआधी मासे उपाशी ठेवून काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात राखले तर वास उतरतो. लहान तळेवाल्याचे खरे बळ एकच, जिवंत मासा. तो बांधावर, गावच्या बाजाराच्या दिवशी, थोडा थोडा विकला जातो. सगळे तळे एकाच दिवशी उपसून व्यापाऱ्याला बोलावले की भाव तोच ठरवतो.

रोजच्या देखरेखीचा मुद्दा शहरात राहणाऱ्या मालकाने सर्वांत गंभीरपणे घ्यावा. पाण्यातला प्राणवायू दिवसा शेवाळामुळे वाढतो आणि रात्री घटतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो. ढगाळ हवा असेल, खाद्य जास्त पडले असेल, तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकू लागतात आणि उजाडेपर्यंत सारे संपते. २०१६ च्या मार्चमध्ये बेंगळुरूच्या उल्सूर तलावाच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. तिथे सांडपाणी आले होते, पण मासे ज्याने गेले तो प्राणवायूचा तुटवडा शेततळ्यातही होऊ शकतो. त्या वेळी पंप लावून पाणी फवारायचे, तर शेतीची थ्री-फेज वीज पहाटे असेलच असे नाही. आणि मालक जयनगरात झोपलेला असतो. शेतावर राहणारे विश्वासू कुटुंब नसेल, तर शनिवार-रविवारच्या शेतकऱ्याने मासे पाळू नयेत. हे मी सल्ला म्हणून नव्हे, आग्रहाने म्हणतो. जीव पाळायचे तर त्यांच्याजवळ असावे लागते.

ठिबकवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. माशांना नैसर्गिक खाद्य मिळावे म्हणून तळ्यात शेण टाकायचे, शेवाळ वाढू द्यायचे. आणि ठिबकला हवे असते नितळ पाणी. वाळूचा फिल्टर चांगला असेल, तो वरचेवर उलटा धुतला जात असेल, तर निभते. नाहीतर ड्रिपर बुजतात. प्लास्टिकच्या तळ्यात मातीचा तळ नसल्याने मृगळाला चरायलाही फारसे मिळत नाही. तिथे त्याची संख्या कमी ठेवून कटला-रोहूच वाढवावेत. बागेवर फवारलेले औषध वाऱ्याने तळ्यावर आले तर मासे मरतात, हे द्राक्षवाल्याने विसरू नये.

कोणते मासे, या प्रश्नावर मात्र मला दोन बाजू मान्य नाहीत. आफ्रिकन मागूर मुळीच नको. त्यावर २००० सालापासून बंदी आहे आणि ती योग्य आहे. उजनीकाठी ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापियाही खासगी तळ्यात हौसेने सोडू नये. तो अंगठ्याएवढा असतानाच पिल्ले घालू लागतो, तळे बोटभर माशांनी भरते आणि अतिवृष्टीत सांडव्यावाटे ओढ्यात उतरतो. सायप्रिनस या कार्प माशाचीही लवकर वयात येण्याची खोड आहे. हेसरघट्ट्याच्या मत्स्य संशोधन केंद्राने हंगेरीतून आलेल्या अमूर वाणावर काम केले ते याच अडचणीमुळे. बेंगळुरूकरांना हे केंद्र जवळ आहे. बीज घेण्याआधी तिथल्या माणसांशी बोलणे कुठल्याही चित्रफितीपेक्षा उपयोगाचे.

सांडव्याचा मुद्दा कनकपुऱ्याकडे जास्त लागू आहे. तिथला ओढा अर्कावतीला मिळतो आणि अर्कावती कावेरीला. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला महासीर आहे, टॉर रेमादेवी. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा म्हणून नोंदला गेला. त्याची संख्या का घटली, याचे संशोधकांनी दिलेले एक कारण मराठी वाचकाने मुद्दाम ऐकावे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने महासीराचे बीज केंद्र चालवले. आपल्या सह्याद्रीतला महासीर, टॉर खुद्री, तिथे वाढवून अनेक राज्यांना दिला गेला आणि तो कावेरीतही सोडला गेला. हेतू पूर्णपणे चांगला होता: महासीर वाचावा. पण पाहुणा महासीर वाढत गेला आणि नदीचा स्वतःचा महासीर मागे पडला, असे २०१५ च्या सुमारास अभ्यासातून पुढे आले. तज्ज्ञांनी, संवर्धनासाठी, देशातलाच मासा सोडला तरीही हे झाले. कटला, रोहू, मृगळ हेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते दक्षिणेच्या जलाशयांत केव्हाच सोडले गेले आहेत, म्हणून त्यांचा धोका नवा नाही एवढेच. तळे ओढ्यापासून दूर, बांध उंच आणि सांडव्याला बारीक जाळी असेल तरच त्यात मासे असावेत.

तर मग कुणी सोडावेत? ज्याचे तळे पावसाने भरते, ज्यात फेब्रुवारीअखेर दीड मीटर पाणी राहूनही पिकाची तहान भागते, ज्याच्या घरचे कुणीतरी रोज सकाळी तळ्यावर असते, त्याने जरूर सोडावेत. मार्च लागण्याआधी विकून टाकावेत आणि उरलेले पाणी निर्धास्तपणे बागेला द्यावे. अशा कुटुंबाला अनुदान मिळावे, बीज मिळावे, विमा मिळावा, असे मला मनापासून वाटते. बोअरने तळे भरणाऱ्याला मात्र माशांसाठी अनुदान देऊ नये.

इथे मत्स्य खात्याने एक गोष्ट केली तर बरेच काही बदलेल. बेंगळुरू आणि रामनगरच्या बाजूला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. तळी तेव्हा भरतात. बीज केंद्रांचा हंगाम जून ते ऑगस्टचा. ऑक्टोबरात शेतकऱ्याला बोटुकली मिळालीच तर ती इवलीशी असते, आणि मार्चपर्यंत ती विकण्याजोगी होत नाही. मग शेतकरी पाणी राखून ठेवतो, बाग सुकते. आंध्रातले पालक यावर फार पूर्वीपासून एक उपाय करतात: बीज वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर राखायचे. अशी वाढ रोखलेली, पण वयाने मोठी बोटुकली मोकळ्या पाण्यात सोडली की झपाट्याने वजन धरते. प्रत्येक तालुक्यात एखाद्या तलावावर किंवा बीज केंद्रात अशी शंभर ग्रॅमची बोटुकली राखून ठेवावी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तळ्यातले पाणी मोजून, मागेल त्याला नव्हे तर ज्याच्या तळ्यात पुरेसे पाणी आहे त्याला द्यावी.