खोटा सिंह, खरी भीती

आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगल देश आहे. तिथल्या डाकार शहराच्या गल्लीबोळांत ‘सिंब’ नावाचा खेळ रंगतो. तोंड रंगवलेला, आयाळ लावलेला एक दांडगा गडी ‘सबार’ ढोलांच्या तालावर डरकाळ्या फोडीत येतो आणि पोराटोरांची पळता भुई थोडी होते! खेळाचे तिकीट जवळ असले तर ठीक. नसेल त्याला हा सिंह धरतो आणि सर्वांसमोर नाचायला लावतो.

हसून सोडून द्यावी अशी ही गंमत. पण तिच्या मुळाशी सांगितली जाणारी कथा मला स्वस्थ बसू देत नाही. एका शिकाऱ्यावर सिंहाने झडप घातली. तो वाचला, पण भानावर राहिला नाही. सिंहासारखा गुरगुरे, कच्चे मांस खाई. जाणत्या वैदूंनी विधी करून त्याला पुन्हा माणसांत आणले. त्या उपचाराचाच पुढे खेळ झाला म्हणतात.

वाचक हो, भीतीने खचलेल्या माणसाला आपण काय देतो? ‘वेडा’ हे नाव आणि बंद दाराची खोली! सेनेगलच्या लोकांनी ती भीती चौकात आणली, तिला ताल दिला, नियम दिले आणि सर्वांनी मिळून वाटून घेतली.

खरे सिंह आता तिथे निओकोलो-कोबाच्या अरण्याकडे थोडेसेच उरले आहेत. खेळ मात्र चालू आहे. तुमच्या ओळखीत असे मिटून बसलेले कुणी असेल, तर यंदा त्याला फराळाला अगत्याने बोलवा.