जिन्याचे फ्लॅट पाडण्याआधी भाडेकरूंना विचारा

रिकार्टन रोडच्या मागच्या गल्ल्यांमध्ये जुन्या दुमजली फ्लॅटच्या इमारती अजून उभ्या आहेत. काँक्रीट ब्लॉकच्या भिंती, बाहेरून चढणारा जिना, लोखंडी कठडा, फाटकाशी टपालपेट्यांची रांग. दिसायला विशेष काही नाही. पण क्राइस्टचर्चला नव्याने आलेल्या कितीतरी माणसांचा पहिला पत्ता अशाच एखाद्या जिन्यावरचा असतो. कँटरबरी विद्यापीठ सायकलच्या अंतरावर, हॉस्पिटल हॅगली पार्कच्या पलीकडे, बस हाकेच्या अंतरावर, डाळ-तांदूळ-पीठ चालत जाऊन आणता येते. गाडी नसतानाचे पहिले वर्ष इथे निभते. विद्यार्थी, परिचारिका, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या बायका, हॉटेलात राबणारे स्वयंपाकी यांना हे शहर परवडते ते या इमारतींमुळे.

या इमारती आता एकेक करून जात आहेत. जागा विकली जाते, कुंपण लागते आणि काही महिन्यांत तिथे टाउनहाउस उभी राहतात. नवी, उबदार, आणि आधीच्या भाडेकरूच्या आवाक्याबाहेरची.

हे अचानक घडलेले नाही. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात 185 माणसे गेली, आणि त्यानंतर हजारो घरांची जमीन ‘रेड झोन’, म्हणजे घरांसाठी अयोग्य, ठरली. घरे कमी पडली, भाडी चढली. मग 2021 च्या कायद्याने मोठ्या शहरांना सांगितले की, एका जागेवर तीन मजल्यांपर्यंतची तीन घरे स्वतंत्र नियोजन परवानगीशिवाय होऊ द्या. क्राइस्टचर्च काऊन्सिलने सप्टेंबर 2022 मध्ये त्याला नकार दिला, पण मार्च 2023 मध्ये बदललेला आराखडा लोकांपुढे ठेवलाच. पुढची सगळी चर्चा उंची, सावली आणि झाडे यांवर झाली. रिकार्टन बुश या जुन्या रानाच्या कडेला किती उंच बांधावे, यावर खूप खल झाला. तो व्हायलाच हवा होता. तिथली कहिकातेआची झाडे शेकडो वर्षांची आहेत, आणि 1914 मध्ये डीन्स कुटुंबाने ते रान जनतेला दिले म्हणून ती आज आहेत. पण ज्याच्या डोक्यावरचे छप्पर जाणार, त्या भाडेकरूचे पुढे काय, हा प्रश्न त्या चर्चेत फारच कमी ऐकू आला.

शहरात जास्त घरे हवीतच. जुनी प्रत्येक भिंत जपा असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे असे की परवडणारे घर पाडायचे असेल, तर त्यात राहणाऱ्याला काही स्थान हवे.

आपल्याला हे नवे नाही. मुंबईत जुनी चाळ पाडताना भाडेकरूला मोजावेच लागते. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या, स्वतःच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळू लागल्या. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली आणि इमारती खचल्या, ही त्याच मुंबईची दुसरी बाजू. ती इथे कोणी मागत नाही. पण पुनर्विकासाच्या टेबलाशी भाडेकरूची खुर्ची असते, ही गोष्ट मुंबईने लढून मिळवली.

न्यूझीलंडमध्ये ती खुर्ची नाही. उलट, मुदत न ठरवलेल्या करारात कारण न देता 90 दिवसांत घर रिकामे करून घेण्याची पद्धत 2021 मध्ये बंद झाली होती, ती 30 जानेवारी 2025 पासून परत आली. भाडे वर्षातून एकदाच वाढवता येते, पण किती टक्के वाढवावे याला ठरावीक मर्यादा नाही. तीन महिन्यांत मुलांची शाळा न बदलता, त्याच बसमार्गावर, त्याच भाड्यात दुसरे घर शोधून बघा, म्हणजे ही नोटीस काय असते ते कळेल.

जुने फ्लॅट थंड आणि ओलसर असतात, म्हणून पाडलेलेच बरे, असे सांगितले जाते. हे कारण आता पुरत नाही. ‘हेल्दी होम्स’च्या नियमांनुसार 1 जुलै 2025 पासून भाड्याच्या प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात 18 अंशांपर्यंत ऊब देणारी सोय हवी, छताखाली इन्सुलेशन, ओल आणि वारा अडवण्याची व्यवस्था हवी. म्हणजे जुना फ्लॅट दुरुस्त करणे मालकाचे कर्तव्यच आहे. आणि दुरुस्ती होते, हे याच शहरात दिसले आहे. माइल्स वॉरन यांनी 1950 च्या दशकात उभारलेले डॉर्सेट स्ट्रीटचे आठ फ्लॅट भूकंपात जायबंदी झाले होते. ते जपले गेले. नामवंत वास्तुरचनाकाराच्या इमारतीसाठी जे झाले, ते रिकार्टनमधल्या निनावी इमारतीसाठीही व्हायला हवे.

मागण्या दोन आहेत. असे फ्लॅट विक्रीला निघाले की काऊन्सिलने ओटाउताही कम्युनिटी हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थेला ते विकत घेऊन, दुरुस्त करून भाड्याने देण्यासाठी पैसा उभा करून द्यावा. आणि विनाकारण नोटिशीची तरतूद संसदेने रद्द करावी.

यासाठी आपल्या हातात बरेच आहे. वायपुना हॉल्सवेल-हॉर्नबी-रिकार्टन कम्युनिटी बोर्डाच्या बैठकीत कुणालाही वेळ मागून बोलता येते. काऊन्सिलच्या वार्षिक आराखड्यावर लेखी म्हणणे मांडायला नागरिकत्व लागत नाही. विद्यार्थी व्हिसावरचा मुलगाही ते मांडू शकतो. आणि रेसिडेंट व्हिसा असून वर्षभर सलग इथे राहिलेल्यांना संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येते. आपल्यातल्या अनेकांनी अजून नावच नोंदवलेले नाही. या आठवड्यात नोंदवा. दाराशी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, 90 दिवसांच्या नोटिशीबद्दल त्याची भूमिका विचारा आणि उत्तर लिहून घ्या. इमारतीतल्या चिनी, फिलिपिनो, किवी शेजाऱ्यांना बरोबर घ्या, कारण नोटीस आली की सगळ्यांनाच येते. आठ फ्लॅटच्या आठ सह्यांचे एक पत्र बोर्डाच्या पुढच्या बैठकीआधी पोचवा.