विश्लेषण : नदी, धरणात उतरणे सुरक्षित आहे हे कशावरून ठरवावे?

पावसाळा सुरू झाला की मावळ, मुळशी, कर्जत, इगतपुरी या भागांकडे पर्यटकांची रीघ लागते. पाठोपाठ बुडाल्याच्या, वाहून गेल्याच्या बातम्याही येतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार होते. अशा घटनांनंतर बंदी येते, पण पाणी कसे ओळखावे हे पर्यटकांना कोणी सांगत नाही.

आकाश निरभ्र असताना पाणी कसे वाढते?

पर्यटक डोक्यावरचे आकाश पाहतो. नदी मात्र पाणलोट क्षेत्रात पडलेल्या पावसावर चालते. सह्याद्रीच्या माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ आहे. दोन-चार दिवसांच्या पावसाने माती भिजून गेली की पुढची जोरदार सर मुरत नाही, थेट ओढ्यात येते. पायथ्याशी रिमझिम असताना माथ्यावरचे पाणी काही मिनिटांत खाली पोहोचते.

धरणाखालच्या नद्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कोलाडची कुंडलिका मे महिन्यातही खळाळते, कारण भिरा येथील वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी तिच्यात येते. तेथील राफ्टिंग याच पाण्याच्या वेळापत्रकावर चालते. म्हणजे सकाळी घोट्याएवढे पाणी असलेल्या जागी काही वेळाने कमरेएवढे पाणी असू शकते आणि त्याचा पावसाशी काहीही संबंध नसतो. धरणाखाली भोंगा वाजला की फोटो अर्धवट सोडून काठावर यायचे, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ.

‘दहा हजार क्युसेक’ म्हणजे नेमके किती?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. त्या हिशेबाने १० हजार क्युसेक विसर्ग म्हणजे १० हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला रिकामे होणे. हा आकडा जलसंपदा विभाग जाहीर करतो, वर्तमानपत्रे छापतात. पण नदीकाठच्या पर्यटकाला त्याचा अर्थ लावता येत नाही. तेवढाच विसर्ग रुंद पात्रात पसरतो आणि अरुंद खडकाळ पात्रात उसळतो.

वेग अधिक महत्त्वाचा. सेकंदाला एक मीटर म्हणजे माणसाच्या चालीएवढा वेग. तो दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर वाहते पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. शेवाळलेल्या कातळावर तर पाय ठरायला जागाच नसते.

पाणी ओळखण्याच्या खुणा कोणत्या?

काठावरच्या एका दगडावर पाण्याची रेघ हेरून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. दहा-पंधरा मिनिटांत रेघ बुडाली तर पाणी वाढते आहे. नितळ पाणी अचानक गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागणे, वरच्या बाजूने घरघर वाढणे, या खुणा दिसल्या की सामान गोळा करत बसू नये. प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसलेल्यांना परतीची वाट राहत नाही. भुशीच्या दुर्घटनेत ते कुटुंब प्रवाहाच्या मध्येच अडकले होते.

शांत दिसणारी जागाही फसवते. कुंडमळ्यासारख्या ठिकाणी कातळात रांजणखळगे आहेत. वरून पाणी संथ, आत भोवरा. बंधाऱ्याखाली पांढरा फेस दिसतो तेथे पाणी उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढते. फेसात हवा मिसळलेली असल्याने त्यात तरंगणेही अवघड जाते. प्रवाहात अडकलेल्या झाडातून पाणी आरपार जाते, माणूस मात्र फांद्यांत अडकून राहतो.

धरणाचे जलाशय तरी सुरक्षित आहेत का?

जलाशयाला वाहता प्रवाह दिसत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो. पण त्याच्या तळाशी बुडालेले ओढे, विहिरी, शेतांचे बांध असतात. दोन पावलांवर छातीएवढे पाणी असते आणि तिसऱ्या पावलाला तळ नसतो. काठच्या गाळात पाय रुततो. विस्तीर्ण जलाशयात वारा सुटला की लाटा उठतात आणि छोटी होडी काठापासून दूर जाते. पोहता येवो वा न येवो, होडीत लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळलेले हवे. बुडणारा माणूस बहुधा ओरडूही शकत नाही. त्याला वाचवण्यासाठी एकामागून एक उड्या मारल्याने एकाच्या जागी तिघे जातात. दोरी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन काठावरून फेकणे हीच खरी मदत.

प्रश्न स्वच्छतेचाही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानयोग्य पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या ५०० पर्यंत असावी, २५०० ही कमाल मर्यादा. शहराचे सांडपाणी जिच्यात मिसळते ती नदी पुराच्या पाण्याने भरली म्हणून स्वच्छ होत नाही.

सरकारी इशारे पुरेसे का नाहीत?

हवामान विभागाचा लाल वा नारंगी इशारा जिल्ह्यासाठी असतो, एखाद्या ओढ्यासाठी नव्हे. नदीची ‘धोक्याची पातळी’ वस्तीसाठी ठरवलेली असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. पंचगंगा ३० फुटांवर असताना शहर निर्धास्त असते. त्याच पाण्यात उतरणारा पोहणारा मात्र जिवाशी खेळत असतो. त्याच्यासाठी कोणतीही पातळी कोणीच ठरवलेली नाही.

ही पोकळी भरण्यासाठी सरसकट बंदी वापरली जाते. दुर्घटनेनंतरचे काही दिवस ती गरजेचीही असते. परंतु संपूर्ण हंगाम, संपूर्ण तालुका बंद ठेवता येत नाही. धोक्याच्या आणि बिनधोक्याच्या दिवशी फलक तोच असेल, तर लोक तो वाचणे सोडून देतात. पहारा असेल तेथून हटकलेले पर्यटक आडवाटेच्या, पहारा नसलेल्या धबधब्याकडे वळतात.

मग काय करता येईल?

पॅरिसमध्ये सीन नदीत पोहण्यावर १९२३ पासून बंदी होती. जुलै २०२५ मध्ये तीन जागा नागरिकांसाठी खुल्या झाल्या, त्या रोज पाणी तपासून आणि झेंड्याचा रंग ठरवून. पाऊस झाला की जागा बंद. तिथला झेंडा त्या दिवसाचे पाणी सांगतो. आपल्याकडचा गंजलेला फलक कायम एकच वाक्य सांगतो.

महाराष्ट्रात यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. गर्दीच्या ठिकाणी पात्रात रंगवलेली मोजपट्टी, रोज बदलणारा झेंडा, काठावर दोरी व तरंगती रिंग आणि तो झेंडा बदलण्याचा अधिकार असलेला पगारी स्थानिक माणूस एवढे पुरे. डोह कुठे आहे, पाणी कुठे फिरते हे गावातल्या गुराख्याला, मच्छीमाराला ठाऊक असते. आज हेच लोक दुर्घटनेनंतर मृतदेह शोधायला बोलावले जातात. त्यांना सकाळीच काठावर उभे करणे अधिक शहाणपणाचे आणि स्वस्तही आहे.