गाथेची चौकट, अर्थाची चौकट

हिंदमात्याच्या कापडबाजारात तीन पिढ्यांपासून साड्यांचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाने आजींच्या स्मरणार्थ एक छोटे पुस्तक छापून ज्ञानपंचमीला वाटण्याचा संकल्प केला. आजींची वही हाच त्याचा आधार होता. नित्यपाठातील गाथा त्यांनी लाल शाईने लिहिल्या होत्या, त्यांचा मराठी अर्थ निळ्या शाईने आणि गाथेचा क्रमांक डाव्या समासात. एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरले तेव्हा वहीची खालची कड भिजली, परंतु अक्षरे वाचली. त्यानंतरच घरातल्यांच्या मनात पुस्तकाचा विचार पक्का झाला.

मजकूर संगणकावर उतरवला गेला. दोन मुद्रिते तपासून झाली. तिसरे मुद्रित हाती आले तेव्हा आजोबांनी चष्मा काढून ठेवला आणि नातीला जवळ बोलावले. म्हणाले, ‘‘बेटा, ही ओळ बघ. हा अर्थ आहे, गाथा नाही. पण ठळक अक्षरांत छापला आहे. आणि इथे गाथेचा चौथा चरण बारीक अक्षरांत अर्थात जाऊन बसला आहे.’’ नात म्हणाली, ‘‘आजोबा, पाने कमी व्हावीत म्हणून अक्षरांचा आकार बदलला होता. तेव्हा कुठेतरी निवड चुकली असेल.’’ शोध घेतल्यावर अशी पाच ठिकाणे सापडली.

बाहेरच्या माणसाला हा दोष किरकोळ वाटेल. पाठ करणाऱ्याला तो तसा वाटत नाही. ज्ञानाच्या अतिचारांत हीनाक्षर, अत्यक्षर आणि व्यत्याम्रेडित यांची गणना होते. एखादे अक्षर गाळणे, एखादे अधिक म्हणणे, एका ठिकाणचा पाठ दुसऱ्या ठिकाणी मिसळणे, हे ते दोष. पुस्तक पाहून पाठ करणारी नवशिकी सून ठळक ओळ गाथा समजून म्हणेल आणि बारीक ओळ अर्थ समजून सोडून देईल. म्हणजे एका मुद्रणदोषातून हे तिन्ही अतिचार संभवतात, आणि तेही ज्या आजींनी आयुष्यभर शुद्ध पाठाचा आग्रह धरला त्यांच्याच नावाने.

आजींच्या वहीत ही चूक का झाली नाही, याचे उत्तर साधे आहे. गाथा आली की त्या लेखणी बदलत. कोणता मजकूर कोणत्या जातीचा, हे त्या लिहितानाच ठरवत होत्या. संगणकावर मात्र प्रत्येक परिच्छेद स्वतंत्रपणे निवडून हाताने ठळक केला गेला होता. कोणती ओळ गाथा आहे हे संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. त्याला केवळ ठळक आणि बारीक एवढेच ठाऊक होते.

हा प्रश्न जैन ग्रंथलेखनाला नवा नाही. हस्तलिखितांच्या काळात लहियांनी त्यावर मांडणीचे निश्चित प्रकार घडवले होते. मूळ सूत्र पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत, ही ‘त्रिपाठ’ पोथी. टीका दोन्ही बाजूंच्या समासांतही उतरली की ती ‘पंचपाठ’ पोथी. मूळ ओळीच्या वर लहान अक्षरांत लोकभाषेतील अर्थ दिला की तो ‘टबा’. पोथी हाती घेताच कोणती अक्षरे सूत्राची आणि कोणती टीकेची, हे वाचकाला विचारावे लागत नसे. प्रकाराचे नाव एकच असे, पण त्यात पानभर मांडणीची संपूर्ण आज्ञा सामावलेली असे.

छपाई आली तेव्हा हे कौशल्य जुळाऱ्यांच्या हाती गेले. सूत्रे छापणे ही ज्ञानाची आशातना ठरेल, असा विरोध समाजात होता. तरीही भीमसी माणेक यांनी मुंबईत १८७६ पासून ‘प्रकरण रत्नाकर’ हा संग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या देवनागरी खिळ्यांनी पुढे अनेक जैन ग्रंथांना रूप दिले. आगमोदय समितीचे आगमग्रंथ तेथे आडव्या पोथीच्याच आकारात छापले गेले. मूळ पाठाला मोठा खिळा आणि टीकेला लहान, हा भेद जुळारी खण बदलून पाळत असे. आजी लेखणी बदलत, जुळारी खण बदलत असे.

संगणकावर हेच काम करणारी व्यवस्था उपलब्ध आहे. अमेरिकेतील गणिती डोनाल्ड क्नुथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी निकृष्ट वाटली की त्यांनी १९७७ मध्ये अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली लिहिण्यास घेतली. तिचे नाव ‘टेक’. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ उभारली. दोन्ही विनामूल्य मिळतात. लाटेकमध्ये लेखकाने अक्षरे सजवायची नसतात. मजकूर कोणत्या जातीचा आहे एवढेच सांगायचे असते. प्रत्येक जातीसाठी एक चौकट असते. तिला तेथे ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. काही चौकटी तयार मिळतात, जसे अवतरण, यादी, कविता. गाथेची चौकट मात्र आपली आपणच घडवावी लागते.

घडवण्याची रीत पेढीवरच्या छापील पावतीसारखी आहे. पावतीचा नमुना एकदाच ठरतो. वर पेढीचे नाव, खाली सहीची जागा, मध्ये रिकामी ओळ. रोज बदलतो तो मधला मजकूर. चौकटीची व्याख्याही अशीच तीन भागांची असते. पहिला भाग म्हणजे नाव, उदाहरणार्थ ‘गाथा’. दुसरा म्हणजे चौकट उघडताना काय करायचे: वर थोडी जागा सोडा, ठळक टंक घ्या, क्रमांक एकाने वाढवून समासात छापा. तिसरा म्हणजे ती मिटताना काय करायचे: खाली जागा सोडा. एवढे एकदा लिहिले की प्रत्येक गाथेपूर्वी ‘आरंभ गाथा’ आणि नंतर ‘समाप्ती गाथा’ अशा अर्थाच्या दोन आज्ञा पुरतात.

नातीने अशा दोनच चौकटी केल्या, ‘गाथा’ आणि ‘अर्थ’. त्यांचे गुण व्यापाऱ्याच्या घरात चटकन पटले. पहिला गुण असा की चौकटीत केलेला बदल चौकटीतच राहतो. ती मिटताच ठळक टंक आपोआप संपतो. गाथेचा ठळकपणा अर्थात पाझरत नाही. दुसरा गुण हिशेबाच्या शिस्तीचा. ‘गाथा’ उघडून चुकून ‘अर्थ’ मिटवला, तर लाटेक चूक दाखवते आणि ओळीचा क्रमांकही सांगते. जमा आणि नावे जुळली नाहीत तर रोजमेळ बंद होत नाही, तसेच हे. तिसरा गुण क्रमांकांचा. मध्येच एक राहिलेली गाथा घातली की पुढचे सर्व क्रमांक स्वतःहून सरकतात. ‘वरील गाथा पाहा’ असे संदर्भही खुणेने दिलेले असल्यास सुधारतात. मात्र त्यासाठी प्रणाली दोनदा चालवावी लागते, कारण पहिल्या वेळी ती क्रमांक टिपते आणि दुसऱ्या वेळी ते जागोजागी भरते.

पाने कमी करण्याचा जुना प्रश्न पुन्हा आला तेव्हा या रचनेचे खरे मोल कळले. आता शंभराहून अधिक ठिकाणी हात लावायचा नव्हता. ‘अर्थ’ या चौकटीच्या व्याख्येत अक्षराचा आकार एकदा बदलला आणि सारे पुस्तक बदलले. गाथेला धक्काही लागला नाही.

हे काम हाती घेणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चौकटीला नाव द्यावे ते अर्थावरून, रूपावरून नव्हे. ‘ठळक’ असे नाव दिले आणि उद्या गाथा तिरप्या अक्षरांत हवी झाली, तर नावच खोटे ठरते. आधीच वापरात असलेले नाव नव्या चौकटीला देता येत नाही. जुनी व्याख्या बदलण्याची आज्ञा वेगळी आहे, आणि हा भेद अनवधानापासून वाचवतो. चौकट उघडताना तिला माहितीही देता येते, जसे गाथेच्या छंदाचे नाव. परंतु रूढ पद्धतीत ती माहिती आरंभाच्या भागातच वापरता येते. ती शेवटी छापायची असल्यास आरंभीच जपून ठेवावी लागते. देवनागरीसाठी युनिकोड समजणारी ‘झीटेक’ ही आवृत्ती घ्यावी आणि टंक निवडताना लिपी देवनागरी आहे हे स्पष्ट सांगावे. अन्यथा जोडाक्षरे तुटतात आणि प्राकृत गाथांत तर पदोपदी जोडाक्षरे असतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्ता’ हा टंक विनामूल्य आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लाटेकचे प्राथमिक धडे मिळतात. दहावी झालेल्या मुलाला ते चार-सहा बैठकांत जमावे.

एक मर्यादा मात्र विसरता येणार नाही. चौकट मिटली की नाही हे यंत्र पाहते, चौकटीतील पाठ शुद्ध आहे की नाही हे पाहत नाही. एखादा अनुस्वार राहिला तर त्याला कळत नाही. म्हणून या कुटुंबात शेवटचे मुद्रित जुन्या रीतीनेच तपासले गेले. नातीने भिजलेल्या वहीतून मोठ्याने वाचायचे आणि आजोबांनी छापील कागदावर बोट ठेवून ऐकायचे. तीन संध्याकाळी दुकान वाढवल्यावर हे वाचन चालले. दोन अनुस्वार आणि एक मात्रा सापडली. गाथा आणि अर्थ यांची सरमिसळ कोठेही सापडली नाही.

पुस्तक छापून आले तेव्हा आजोबांनी एक सूचना केली. दोनरंगी छपाईचा खर्च थोडा अधिक होता, तरी गाथा लाल व्हाव्यात. नातीने व्याख्येत एकच शब्द वाढवला आणि पुढच्या आवृत्तीसाठीची प्रत तयार झाली. त्या प्रतीत सगळ्या गाथा लाल आहेत आणि अर्थ निळा, वहीत होता तसाच.