सपाट टप्पा सोपा कसा? वाऱ्याला विचारा!

शेंद्रा एमआयडीसीच्या सरळ रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांना आडवा वारा काय करतो, ते सांगायला नको. 'टूर द फ्रान्स'च्या समुद्रकाठच्या टप्प्यातही खरी भीती त्याचीच. घाट नाही, म्हणून शेवटची पाच मिनिटे पाहू, असे म्हणणारे फसतात. पुढच्याच्या आडोशाला ताकद वाचते; पण वारा बाजूने आला की रांग तिरकी होते, रस्त्याच्या कडेला जागा संपते, मागचे उघड्यावर पडतात आणि घोळका तुटतो. २००९ मध्ये मार्सेय ते ला ग्रांद-मोत टप्प्यात अल्बर्टो काँटाडोर असाच ४१ सेकंदांनी मागे पडला. त्याच्याच संघातला लान्स आर्मस्ट्राँग मात्र पुढच्या गटात! टप्पा मार्क कॅव्हेंडिशने जिंकला. अशा दिवशी आधी किनाऱ्यावरचे झेंडे कुठल्या दिशेला फडकताहेत, ते बघा.